टिल्लूंच्या टोळीचा शेवट

अच्युतराव टिल्लूंनी पहिल्या भेटीतच मला गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या करून टाकलं. मी तेव्हा बनियनवर होतो आणि माझ्या हातात स्टोव्हची पिन होती.

बँकेनं माझी बदली कलकत्त्याला केली होती. बेहाला नावाच्या उपनगरात घोषालबाबूंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन आम्ही नवराबायको आदल्याच दिवशी तिथे उतरलो होतो. अर्धं सामान अजून दोरखंडात बांधलेलं, सुधा पोळपाट शोधतेय, मी स्टोव्हशी झटतोय, आणि दारात पन्नाशीचा एक लुकडा, चष्मेवाला गृहस्थ उभा. एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत गुंडाळलेली चादर. मला वाटलं, हा मुक्कामालाच आला.

"मी टिल्लू. तळमजल्यावर असतो," ते म्हणाले. "घरमालक दारोगा आहेत. मी साथीदार. वहिनींना खबरी करू. तुम्ही म्होरके. तुमची जागा बरेच दिवस रिकामी होती. रविवारी जेवणं झाली की खाली या. चहा खाऊ."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. सुधानं आतून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, ठाऊक नाही, पण चहा खातो म्हणाले.

टिल्लूंचा जन्म कलकत्त्याचा. वडील नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. त्यामुळे टिल्लूंचं मराठी स्वच्छ असलं तरी इथल्या रिवाजाप्रमाणे ते चहा खात, पाणी खात आणि डोकं दुखलं की औषधही खात. आमचं डोकं मात्र ते स्वतः खात. डलहौसी चौकातल्या एका कंपनीत ते टपाल आवक-जावक सांभाळायचे. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेलेले, भाऊ नागपूरला, बहीण सांगलीला. हे सगळं मला पुढे घोषालबाबूंकडून कळलं. टिल्लू स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नसत, कारण टोळीबद्दल बोलण्यातून त्यांना सवडच नव्हती.

टोळी हा त्यांनी स्वतः बनवलेला खेळ होता. काखेतली ती चादर जमिनीवर पसरली की तिच्यावर अख्खं कलकत्ता असे. उशाकडे डमडमचा विमानतळ, मध्ये खिदिरपूरची गोदी, पायथ्याशी बजबजचा धक्का, आणि सगळ्यातून निळीनं रंगवलेली गंगा. नदी धुऊन जाईल म्हणून ती चादर कधी धुतली नव्हती, आणि हे चादरीजवळ बसलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. टिल्लूंच्या आईच्या सारीपाटातल्या सोंगट्या म्हणजे आमची माणसं. दान टाकायला त्याच सारीपाटाच्या कवड्या. चोरट्या सोन्याच्या विटा म्हणजे खडीसाखरेचे खडे. गोदीतून सोनं उचलायचं, दारोग्याला चुकवत बजबजला न्यायचं, असा एकूण मामला. बेहालातलं आमचं राहतं घर हे आधी टोळीच्या लपण्याचं ठिकाण होतं. त्यावर घोषालबाबूंनी पूर्वी हरकत घेतली होती म्हणे. शेवटी लपण्याचं ठिकाण दोन घरं पलीकडे, ज्यांच्याशी घोषालबाबूंचा भिंतीवरून वाद होता त्यांच्या घरात हलवल्यावर ते शांत झाले.

आता हा टोळी काढणारा माणूस कसा होता म्हणाल, तर ऑफिसची पेन्सिल चुकून खिशात राहिली म्हणून बेहालापर्यंत आलेला, आणि ती परत ठेवायला त्याच पावली ट्रामनं डलहौसीला गेलेला! पोलिसानं हात केल्याशिवाय ते रस्ता ओलांडत नसत. पोलीसच नसला तर पोलीस येईपर्यंत थांबत. एकदा खेळात मी दारोग्याची पाठ वळलेली पाहून सोंगटी एक घर पुढे सरकवली, तर चष्मा काढून माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ती मागे घेतली.

"म्होरके," ते म्हणाले, "शिस्त नसेल तर माणसानं गुन्ह्याच्या वाटेला जाऊ नये."

हे वाक्य मी कलकत्त्यात इतक्या वेळा ऐकलं की बँकेत एका कारकुनाला ओरडताना माझ्याच तोंडून निघून गेलं. तो बिचारा दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत होता.

दर रविवारी, ऐन दुपारी, हा खेळ. वीज हमखास त्याच वेळी जायची. पंखा थांबलेला, खिडकीतून वाऱ्याची झुळूक नाही, आणि आम्ही चार घामाघूम माणसं त्या चादरीभोवती मांड्या घालून. घोषालबाबू दारोगा म्हणून जप्त केलेलं सोनं तिथल्या तिथे खाऊन टाकत. त्यांना मधुमेह होता, घरात गोड बंद होतं, आणि मला दाट शंका आहे की ते केवळ त्यासाठीच यायचे. सुधा खबरी. तिनं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण नवऱ्याला पकडून देण्यात सुख आहे हे लक्षात येताच ती अशी रमली की आठवडाभर स्वयंपाकघरात बेत शिजत.

इथवरही मी सोसलं असतं. अंगावर यायचा तो शेवटचा प्रवेश.

म्होरक्या आणि साथीदार एकदाचे बजबजच्या धक्क्यावर पोचले की टिल्लू कवड्या बाजूला ठेवत आणि आम्हाला उभं करत. शेवट दान टाकून व्हायचा नाही, करून दाखवायचा. नियम असा: धक्क्याला नाव लागली आहे. नावेत जागा एकच आहे. म्होरक्या नावेत बसणार, साथीदार मागे राहणार. बसण्यापूर्वी म्होरक्यानं साथीदाराला एक वाक्य म्हणायचं. ते बरोबर आलं की नाव सुटली. दारोगा येऊन साथीदाराच्या खांद्यावर हात ठेवणार, खेळ संपला, आणि त्या जुन्या कवड्या जिंकणाऱ्याच्या. वाक्य चुकलं तर खेळ संपला नाही. पुढच्या रविवारी पहिल्यापासून.

"वाक्य कोणतं?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"ते म्होरक्यानं म्हणायचं," टिल्लू म्हणाले.

"पण कोणतं?"

"बरोबर असेल ते."

मी म्हटलं, "सोन्याची काळजी घे."

"चुकलं," टिल्लू म्हणाले. "परत."

मी म्हटलं, "पोलिसांना माझं नाव सांगू नकोस." चुकलं. "मित्रा, तुझे उपकार विसरणार नाही." चुकलं. "घरच्यांना निरोप दे." चुकलं. "देव तुझं भलं करो." चुकलं, आणि तेही अशा आवाजात, की जणू टपालाच्या पाकिटावर पत्ता अपुरा आहे.

पहिला महिना मजेत गेला. पुढे मला त्याचा राग यायला लागला. नियम कुठे लिहिलेले नाहीत, सगळे या माणसाच्या डोक्यात. शेवट काय ते यालाच ठाऊक. आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं दर रविवारी धक्क्यावर उभं राहून वाक्यं ओकतोय! घोषालबाबूंनी एकदा माझी कीव येऊन म्होरक्याची जागा घेतली. मोहल्ल्यातल्या नाटकांत त्यांनी तरुणपणी राजे केले होते. धोतराचा सोगा खांद्यावर टाकून त्यांनी बंगालीत असं काही भाषण केलं की शेजारची माणसं खिडकीशी जमली, सुधाचे डोळे पाणावले, शेवटी ते स्वतःच हुंदका देऊन खाली बसले.

टिल्लूंनी शांतपणे चष्मा पुसला. "फार छान. पण चुकलं."

"की मुश्कील!" घोषालबाबू कडाडले. पण त्यांना 'चुकलं' हा शब्द फार आवडला. मराठीतला तेवढा एकच शब्द त्यांना येई, आणि तो ते मासळीवाल्याला, स्वयंपाक्याला, रेडिओवर बातम्या देणाऱ्याला सर्रास ऐकवू लागले. सकाळी सकाळी खालून "चूकलो!" अशी आरोळी आली की समजावं, कोळ्यानं मासा शिळा आणलाय.

तुमच्या आधीच्या म्होरक्यांनी काय म्हटलं, असं मी एकदा विचारलं. वरच्या मजल्यावर नेहमी बदलीवर आलेलं मराठी कुटुंबच ठेवायचं, ही घोषालबाबूंना टिल्लूंनी घातलेली गळ होती.

"टपालखात्यातले एक होते. त्यांनी म्हटलं, पत्र पाठवतो. विम्यातले म्हणाले, आमच्या बाजूला आलात की घरी या. रेल्वेतल्यांनी म्हटलं, आठवण ठेवा. चांगलं होतं ते." टिल्लूंनी एक सोंगटी सरळ केली. "पण चुकलं."

"मग त्यांचा खेळ संपलाच नाही?"

"नाही ना. बदली झाली त्यांची."

मी म्हटलं, सुटले बिचारे.

यावरही कडी म्हणजे बजबजची सहल. चादरीवरच्या धक्क्यानं तुम्हाला वाक्य सुचत नसेल, खऱ्या धक्क्यावर सुचेल, असं टिल्लूंच्या मनानं घेतलं. एका रविवारी माझेरहाट स्टेशनवरून लोकल पकडून आम्ही चौघं बजबजला गेलो. ऊन मी म्हणत होतं. तागाच्या गिरण्यांचा वास, तेलाच्या टाक्या, आणि नदीकाठच्या एका धक्क्यावर एक नाव बांधलेली. टिल्लूंनी मला काठावर उभं केलं, घोषालबाबूंना मागे दडवलं, आणि म्हणाले, "हं. म्हणा."

मी तोंड उघडतोय तेवढ्यात एक पोलीस आला. इथे काय चाललंय, त्यानं बंगालीत विचारलं.

दुसरा कोणीही म्हणाला असता, हवा खायला आलोय. पण पोलिसाशी खोटं बोलायचं नाही हा टिल्लूंचा जन्माचा नेम. त्यांनी छत्री मिटली, ताठ उभे राहिले, आणि अस्खलित बंगालीत सांगून टाकलं की आम्ही टोळी आहोत, खिदिरपूरहून सोनं आणलंय, हे म्होरके. बोट माझ्याकडे. मी चटकन पुढे होऊन बँकेत अधिकारी असल्याचं सांगितलं, त्यामुळे पोलिसाचा संशय वाढलाच. मग घोषालबाबू मागून उगवले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, काळजी नको, मी दारोगा आहे!

पोलिसानं टिल्लूंची पिशवी उघडली. आत खडीसाखर निघाली. ती चाखून होईपर्यंत आणि टिल्लूंनी सगळे नियम पहिल्यापासून समजावून देईपर्यंत मी त्या उन्हात माझी नोकरी गेलेली पाहत होतो. पण पोलीस भला निघाला. टोपी काढून तो धक्क्यावर बसला, विचारात पडला आणि म्हणाला, "मी असतो तर म्हटलं असतं, चिठी दियो, भाई. पत्र टाक रे भावा."

"चुकलं," टिल्लू म्हणाले.

पोलिसाला! आणि मग आपण कोणाला काय बोललो हे ध्यानात येऊन असे थरथरायला लागले की त्यालाच त्यांना चहा पाजावा लागला.

परतताना गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. सुधा म्हणाली, जाऊ द्या हो. ती नेहमी त्यांची बाजू घ्यायची. तिची गायनाची शिकवणी भवानीपूरला होती. शहरात काही गडबड होऊन ट्राम बंद पडल्या की टिल्लू छत्री घेऊन तिला आणायला तिथवर चालत जात. ऑफिसातून परस्पर. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार कसले? साथीदाराचं कामच ते. नियमात आहे." आभार मानायलासुद्धा हा माणूस जागा ठेवत नसे. त्याचाही मला वैताग यायचा.

आणि मग काही वर्षांनी माझी बदली झाली. पुण्याला. मी खूष झालो, सुधा खूष झाली. टिल्लूंना जिन्यातच सांगितलं. ते दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "म्हणजे आता रविवार किती उरले?" मी म्हटलं, एकच. त्या रविवारी आम्ही खेळलो, मी काहीतरी बोललो, ते चुकलं. "असू दे," टिल्लू म्हणाले आणि चादर गुंडाळू लागले. एरवी ते "परत" म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी मात्र त्यांनी माझा अंत पाहिला. ऑफिसातून रजा काढून सकाळपासून आमच्या पायात पायात. मी बांधलेली वळकटी त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली. पेटीवर माझं नाव मी इंग्रजीत घातलं होतं, त्याखाली त्यांनी बंगालीत घातलं. टॅक्सी आल्यावर टपावरची ट्रंक उतरवून घेतली, कारण जड बाजू मागे असायला हवी. सरदारजी ड्रायव्हरला हावड्याला कुठून जायचं ते सांगितलं, आणि सगळं सांगून झाल्यावर तिथून का जाऊ नये तेही सांगितलं. सरदारजी घड्याळ बघत होता, मी घड्याळ बघत होतो. मागे मी, सुधा आणि मांडीवर गाठोडी. पुढे ड्रायव्हरशेजारी तेवढी जागा मोकळी, तिथे पाण्याचा मातीचा खुजा. टिल्लूंनी दार उघडून तो खुजा काढला, दोरीनं त्याचं तोंड बांधलं, ठेवला, पुन्हा काढला.

"आता काय?" मी ओरडलो.

"गळतोय जरासा. प्रवास लांबचा. वहिनींना रात्री पाणी लागलं तर..."

माझा ताबा सुटला. गाडी चुकणार हे मला स्पष्ट दिसत होतं. "अहो टिल्लू, एवढी काळजी आहे ना आमची? मग चला तुम्हीपण! जागा आहे पुढे. टाका तो खुजा आणि बसा! चला पुण्याला आमच्याबरोबर, एकदाचे!"

टिल्लू थांबले. हातातली दोरी तशीच राहिली.

"बरोबर," ते म्हणाले.

"काय बरोबर?"

"वाक्य."

घोषालबाबू पायरीवर उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "चूकलो?"

"ना, घोषालबाबू. ठीक होयेछे."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. "मी चिडून बोललो हो," मी कसाबसा म्हणालो.

"चालतं. कोणत्या सुरात म्हणायचं ते नियमात नाही." टिल्लूंनी चष्मा वर सरकवला. "नावेत जागा एकच असते, म्होरके. चल म्हणून उपयोग नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून कोणी म्हणत नाही. साथीदार काही येणार नसतो. पण त्याला विचारायचं असतं."

ते लगबगीनं आत गेले आणि एक मळकी थैली घेऊन आले. खिडकीतून ती सुधाच्या मांडीवर ठेवली. आईच्या कवड्या होत्या. सुधा रडत होती, त्यामुळे तिला थैली नीट धरताही आली नाही.

"अहो, या ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "नवे भाडेकरू आले की लागतील."

"खेळ संपला ना, वहिनी. जिंकणाऱ्याच्या कवड्या."

मी दार उघडून खाली उतरलो. इतक्या वर्षांत त्या माणसाचा हात मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला. हाडंच होती नुसती. टपालखात्यातले, विम्यातले, रेल्वेतले, सगळे याच फाटकातून याच घाईत निघाले असणार, आणि हा असाच त्यांचे खुजे बांधत उभा असणार. हे मला इतक्या रविवारांत कळलं नव्हतं, याचं मला भयंकर वाईट वाटलं. मी म्हटलं, "टिल्लू, आता चिडून नाही. खरंच चला. चार दिवस तरी या."

"दुसऱ्यांदा नाही," ते म्हणाले. "नियमात एकदाच आहे." आणि मला हलकेच टॅक्सीत ढकलून त्यांनी दार लावलं. खुजा पुढच्या जागेवर घट्ट बसवला. "निघा. दारोगा येतील."

टॅक्सी सुटली. मी मागच्या काचेतून बघत राहिलो. टिल्लू फाटकापाशी हात खाली सोडून उभे होते. घोषालबाबूंनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले, पायऱ्या उतरून ते सावकाश टिल्लूंच्या मागे आले आणि त्यांनी टिल्लूंच्या खांद्यावर हात ठेवला.